मिनिटाला १८ श्वास

रात्री १ वाजून ४० मिनिटांनी ती कॅज्युअल्टीत आली. तिचा श्वास पहिल्यांदा कुणी मोजला, तो सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी. हे टिपण त्या पावणेपाच तासांचं आहे.

नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते. बाहेरच्यांना हे पद फारसं माहीत नसतं. योजनेचे कागद, रक्तदाते मिळवणं, बेवारस म्हाताऱ्याचं घर शोधणं, पैसे संपलेल्यांना गावी पोचवणं, असं जे काम डॉक्टरांचं नाही आणि सिस्टरांचंही नाही, ते आमच्या टेबलावर येतं. त्यामुळे केस पेपर आम्ही उलटा वाचतो. आधी पत्ता, मग सोबत कोण आहे, निदान शेवटी. ओळख पटेल असे तपशील मी खाली बदलले आहेत. वेळा बदललेल्या नाहीत, कारण या प्रकरणात सगळं वेळांवरच आहे.

बाई २३ वर्षांची. सासर-माहेर दोन्ही रामटेक तालुक्यात, देवलापारच्या पुढे जंगलाला लागून. गोंड कुटुंब. नवरा नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर, म्हणून दोघं कामठी रोडच्या बाजूला एका खोलीत राहत होती. पहिला गर्भ पाचव्या महिन्यात गेलेला. या खेपेला ३४ आठवडे भरले होते आणि मदतीला माय गावाहून आली होती. शाळेत असताना शिबिरात तिची तपासणी झाली होती. सिकलसेल, एसएस. तेव्हापासून सिकलच्या रुग्णाचं लाल कार्ड.

विदर्भातल्या वाचकाला सिकल समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी चार ओळी. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एका ठिकाणचा एक घटक बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडलं, ताप आला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं दुखतात. हे दुखणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते खोटं वाटतं, कारण वरून काहीच दिसत नाही, ना सूज ना जखम. जनुक एकाच पालकाकडून आलं असेल तर माणूस वाहक, एएस, त्याला बहुधा काही त्रास नसतो. दोघांकडून आलं तर एसएस. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. मध्य भारतातल्या सिकलबद्दल १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं, तेव्हा हा आजार इथल्या कुणाला नवा असायचं कारण नाही.

एसएस असलेल्या बाईचं बाळंतपण जोखमीचं. दुखण्याचे झटके वाढतात, रक्तदाब चढतो, गुठळ्या होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसात तोच प्रकार सुरू होतो. त्याला छातीचा तीव्र झटका म्हणू. त्यात काही तासांत माणूस हातचा जातो.

आता ती रात्र.

संध्याकाळपासून मांड्या आणि पाठ दुखत होती. तिला ओळखीचं दुखणं. पाणी पीत राहिली, मायनं शेक दिला. साडेबाराला नवऱ्यानं ठरवलं की जायचं, आटो शोधला आणि एकाच्या पुढे निघाले. बाळंतपणातले मृत्यू तीन उशिरांमुळे होतात असं १९९४ पासून शिकवलं जातं: घरी ठरवायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपल्या भिंतींवरची चित्रं पहिल्या दोन उशिरांची असतात. डोक्यावर पदर घेतलेली सून, नको म्हणणारी सासू, चिखलात रुतलेली बैलगाडी. तिसऱ्या उशिराचं चित्र मी कुठल्याच भिंतीवर पाहिलं नाही. या घरानं पहिले दोन उशीर केलेच नाहीत.

कॅज्युअल्टीत विचारलं, पोट केव्हापासून दुखतंय. ती म्हणाली, "पोट नाही जी, हाडं दुखून राहिले." ३४ आठवड्यांची बाई कण्हत आली की आधी कळांचाच विचार येणार, त्यात वावगं काही नाही. आतून तपासलं, पिशवीचं तोंड बंद. बाळाचे ठोके चांगले. पेपरवर आलं: खोट्या कळा, निरीक्षणाखाली ठेवा. पोट सैल व्हायचं इंजेक्शन दिलं. 'हाडं' हा शब्द पेपरवर कुठेच नाही. पुढेही नाही.

२ वाजून १० मिनिटांनी झटके येत असलेली एक बाई आणली आणि रेसिडेंट तिकडे धावली. त्या पोरीची ती सलग दुसरी रात्र होती. तीन सीझर झालेली, चौथं टेबलावर. तिची बाजू घ्यायला हे लिहीत नाही, पण हे गाळलं तर पुढचं सगळं दुष्टपणाचं वाटेल आणि ते तसं नव्हतं.

तीनच्या सुमाराला आमची बाई ओरडायला लागली. वॉर्डातल्या मावशीनं मला नंतर स्वतःच सांगितलं, अगदी मोकळेपणानं: "मी म्हटलं ओरडू नको माय, बाकीच्या झोपल्या आहेत. ह्या लोकांले सवय असते न जी दुखण्याची. जंगलात तर घरीच होते त्यांचं." आणि त्याच तासाला पेपरवर नोंद आहे: रुग्ण सहकार्य करत नाही, आरडाओरडा करते. ड्युटी रूममध्ये त्याचं मराठी झालं, "नाटक करून राहिली."

या दोन वाक्यांपाशी मी बरेच दिवस अडकून होते. ह्या लोकांना दुखणं सोसायची सवय असते, आणि ही नाटक करते. एकाच बाईबद्दल, एकाच तासात. सोसणारी असेल तर ती ओरडतेय याचा अर्थ फार दुखतंय असा व्हायला हवा होता. पण दोन्ही वाक्यांतून निघालं एकच: उठून बघायला नको.

पावणेचारला रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६.४. आपल्याकडे हा आकडा पाहून कुणी दचकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बाया रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण इतकं पाठ झालंय की सकाळी लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून द्यायचं असं लगेच लिहिलं गेलं. एसएस बाईचं रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. तिला लोह द्यायचं ते फेरिटिन तपासून, खरंच कमी असेल तरच. तिला रोजच्या रोज हवं असतं ते फोलिक ॲसिड. हे लिहिणाऱ्या पोरीला परीक्षेत विचारलं असतं तर तिनं बरोबर सांगितलं असतं. पण ही सिकलची बाई आहे, हेच तिला माहीत नव्हतं.

का माहीत नव्हतं? लाल कार्ड मायच्या थैलीत होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आधार कार्ड आणि रेशनकार्डाच्या मधे. माय बाहेर जिन्यावर. लेबर रूमच्या आत नातेवाईक चालत नाहीत. ती दोनदा दारापाशी आली, गार्डनं परत पाठवलं. घाबरली की ती गोंडीत बोलते आणि गार्डला गोंडी येत नाही. पोरीच्या हातात होतं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावरही लाल स्टिकर होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, २०१६ पासून. तिथं जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. ती त्या तपासणीला दोनदा गेली होती. स्टिकर लागलं होतं 'रक्त कमी' म्हणून. सिकलचा रकाना कोरा. म्हणजे एक लाल कागद आत, एक लाल कागद बाहेर जिन्यावर, आणि दोघांची गाठ सकाळपर्यंत पडली नाही.

साडेचारला ती म्हणाली, "दम भरून राहिला." बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९५. "पंच्याण्णव आहे, काही नाही झालं." पेपरवर नाडी ११२, ऑक्सिजन ९५, श्वास १८.

हा १८ जरा नीट बघू. कुठल्याही मोठ्या रुग्णालयातले जुने केस पेपर काढा. श्वासाच्या रकान्यात १८ असतं, फार तर २०. हार्टची म्हातारी १८, सीझरची बाई १८, अपेंडिक्सचा पोरगा १८. नाडीला यंत्र आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, ऑक्सिजनला यंत्र आहे. श्वासाला फक्त माणूस लागतो, त्यानं एक मिनिट उभं राहून छातीकडे बघायचं. ते मिनिट कुणाकडे नसतं म्हणून १८ लिहितात. हे मी नोकरीची सगळी वर्षं बघत आले आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही, हेही इथं नोंदवून ठेवते.

गंमत म्हणजे हीच गोष्ट आपल्याच विदर्भात, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, फार पूर्वी सोडवलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी अक्षरओळख नसलेल्या दायांच्या हातात मण्यांचं एक साधं यंत्र दिलं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, श्वास बघत मणी सरकवायचे, वाळू संपली की मणी कुठवर गेले ते पाहायचं. दायांनी मोजलं. आजही गावातली आशाताई घड्याळ लावून बाळाचा श्वास मोजते. मोजत नाही ते आम्ही, शहरातले.

पाचच्या नोंदीत लिहिलंय: रुग्ण आता शांत आहे.

ओरडायला दम उरला नव्हता.

६ वाजता एक नर्सिंगची विद्यार्थिनी आली, शिफ्टच्या आधीच. तिला वही पूर्ण करायची होती, पाच रुग्णांची नाडी-श्वास-ताप. तिच्या ट्यूटर बाई कडक. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचा, १५ सेकंद मोजून चारानं गुणलेलं चालायचं नाही. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून तिनं मनगटावरचं लावलं. ३८ आले. आपलंच चुकलं असं वाटून पुन्हा मोजले. ३८. पेपरवर १८ बघून तिला क्षणभर वाटलं की आपणही १८ लिहावं. हे तिनंच सांगितलं, आणि तिच्या या कबुलीचं मला फार मोल वाटतं. मग ती इन्चार्ज सिस्टरकडे गेली. सिस्टर उठून आल्या, बाईच्या नाकपुड्या बघितल्या आणि मेडिसिनचा कॉल पाठवला.

मेडिसिनचा रजिस्ट्रार पूर्वी गडचिरोलीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. त्याचा पहिला प्रश्न, पांघरूण बाजूला करायच्याही आधी: "सिकल आहे का?" कार्ड जिन्यावरून पाच मिनिटांत आत आलं. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाला डाग. धमनीतलं रक्त तपासलं तर ऑक्सिजन ८७, बोटावरचं यंत्र अजून ९४ दाखवतंय. ऑक्सिजन, प्रतिजैविकं, दुखण्यावर नीट औषध, रक्ताच्या पिशव्या, अतिदक्षता विभाग. लोहाचं इंजेक्शन रद्द. मी ९ वाजता पोचले तेव्हा नवरा रक्तपेढीसमोर तीन सेंट्रिंगवाल्यांना घेऊन उभा होता. त्यातल्या एकाला परत पाठवलं, त्याचंच रक्त कमी होतं.

बाई वाचली. बारा दिवसांनी, ३६ आठवड्यांना, सरळ बाळंत झाली. मुलगी, १ किलो ९५० ग्रॅम.

बैठक

आई दगावली तर आढावा होतो, फॉर्म भरले जातात, वर जातात. जी थोडक्यात वाचते तिच्यासाठीही केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत, पण मेलेल्या बाईच्याच फाइलला वेळ मिळत नाही, तिथं वाचलेल्या बाईची फाइल कोण उघडतो. मी विभागप्रमुखांच्या मागे लागून एक तास मिळवला. अकरा माणसं, चहा, आणि पहिली वीस मिनिटं या चर्चेत की ड्युटीवर माणसं किती कमी आहेत. ते खरंच होतं.

मग एक इंटर्न पोरगी म्हणाली, "मॅडम, हे सेरेना विल्यम्ससारखं झालं."

दोघं-तिघं हसले. कुठं देवलापार, कुठं सेरेना. पण पोरीनं मुद्दा सोडला नाही. अमेरिकेची कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना सप्टेंबर २०१७ मध्ये सीझर होऊन बाळंत झाली. तिला २०११ मध्ये फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दम लागला तेव्हा तिनं ओळखलं. सिस्टरला सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध सुरू करा. सिस्टरला वाटलं, दुखण्याच्या औषधामुळे ही बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही दिसलं नाही, मग सीटी. गुठळ्या होत्याच. २३ ग्रँड स्लॅम जिंकलेली बाई, पैसा, नाव, स्वतःच्या आजाराची पुरती माहिती, आणि तरी पहिल्या सांगण्याला उत्तर मिळालं की तुला काही कळत नाही.

ही एका बाईची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, पण अमेरिकेत आकडे ठेवतात. २०२३ मध्ये तिथं १ लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू गोऱ्या बायांमध्ये १४.५ होते आणि कृष्णवर्णीय बायांमध्ये ५०.३. साडेतीनपट. कुणी म्हणेल की गरिबी असेल, शिक्षण नसेल. २००७ ते २०१६ चे आकडे त्यांच्या रोगनियंत्रण केंद्रानं तपासले तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय बायांचं प्रमाण पदवीधर गोऱ्या बायांच्या पाचपट निघालं. इतकंच नाही, शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा पदवीधर कृष्णवर्णीय बाई जास्त दगावत होती. 'शिकली म्हणजे वाचेल' हे आपलं आवडतं वाक्य तिथं तुटलं.

वॉर्डातल्या मावशीचं वाक्यही तिथं सापडतं. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंटना विचारलं होतं, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते का, त्यांच्या नसांना कमी कळतं का, वगैरे. निम्म्याजणांनी यातलं एखादं तरी खोटं विधान खरं मानलं, आणि तसं मानणाऱ्यांनी कृष्णवर्णीयाचं दुखणं कमी आहे असं धरून औषधही कमी सुचवलं. मावशी सातवी शिकलेली. ते डॉक्टर होऊ घातलेले.

ऑक्सिमीटरचंही तसंच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की यंत्र ठीक आकडा दाखवतं पण रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असतो, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. बोटातून प्रकाश पाठवून हे यंत्र मोजतं, कातडीतला रंग त्या प्रकाशाच्या आड येतो. आमच्या बाईच्या बाबतीत रंगामुळेच फसलं असं मी म्हणणार नाही. सिकलमध्ये हे यंत्र तसंही दगा देतं. पण ९५ बघून मान फिरवायची नाही, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बैठकीत आक्षेप आला तो अपेक्षितच. एक ज्येष्ठ म्हणाले, "ते वंशाचं आहे. आपल्याकडे वंश कुठं आहे? आमच्या केस पेपरवर तर जातसुद्धा लिहीत नाही."

अर्धं बरोबर आहे. वंश आणि जात एक नाही, आणि तिकडचं दुःख इकडे आणून चिकटवायची मला हौस नाही. सिकलचं जनुक तर वंशही पाळत नाही आणि जातही पाळत नाही. ते टिकलं मलेरियाच्या मुलखात, कारण वाहकाला मलेरिया सहसा मारत नाही. आफ्रिकेत टिकलं, अरबस्तानात टिकलं, आपल्या जंगलपट्ट्यात टिकलं. अमेरिकेत हा आजार पहिल्यांदा १९१० मध्ये शिकागोत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यात नोंदला गेला आणि तेव्हापासून तिथं तो 'काळ्यांचा आजार' ठरला. तिथले सिकलचे रुग्णही दुखतंय म्हणून आले की नशेसाठी औषध मागतात असा संशय घेतला जातो. इथं आदिवासींचा आणि पूर्वाश्रमीच्या महारांचा ठरला. प्रत्यक्षात नागपुरात तो कुणबी आणि तेली घरांतही आहे, फक्त तिथं तपासणीला उशिरा जातात, कारण 'आपल्यात नसतो'.

उरलेलं अर्धं मात्र मला पटलं नाही. केस पेपरवर जात नसते, आडनाव असतं. मडावी, उईके, कुमरे असं गोंड आडनाव वाचलं की नागपूरच्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. पत्ता असतो. बोली असते. मायचं जिन्यावर बसणं असतं. वागताना आम्ही हे सगळं वापरतो, मोजताना मात्र जात नाही म्हणतो. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर ३३ आहे, देशाचा ९७. आम्हाला त्या ३३ चा अभिमान आहे आणि तो असावाही. पण ते पत्रक राज्याराज्यांचे आकडे देतं, समाजगटांचे देत नाही. त्या ३३ मध्ये देवलापारच्या पुढची बाई किती आणि नागपूरच्या सुखवस्तू धरमपेठेतली किती, हे त्यातून काढता येत नाही. अमेरिकेची दरी आपल्याला दिसते ती त्यांनी मोजली म्हणून. आपल्याकडे त्या रकान्यात बहुधा १८ लिहिलेलं असणार.

इथं मलाही सुटका नाही. बैठकीच्या आधी मी माझ्याच जुन्या सामाजिक अहवालांची कपाटातली गठ्ठी काढली. 'नातेवाईक अडाणी, माहिती देण्यास असमर्थ.' माझं अक्षर. एकदा नाही, कितीदा तरी. असमर्थ कोण होतं? मला गोंडी येत नाही.

पुढे काय झालं

कॅलिफोर्नियात बाळंतपणातल्या रक्तस्रावावर रुग्णालयांनी एकत्र येऊन काम केलं, त्यातली एक गोष्ट मला त्या इंटर्ननं दाखवली. रक्त किती गेलं याचा अंदाज नजरेनं करायचा नाही, भिजलेले कपडे तराजूत घालायचे. नियम सगळ्यांसाठी एकच. त्यानं सगळ्याच बायांचं बरं झालं आणि कृष्णवर्णीय बायांचं जास्त झालं, त्यामुळे दोघींमधली दरी कमी झाली. मला ते पटलं, कारण त्यात कुणाचं मन बदलायची वाट बघावी लागत नाही. मावशीचं मन मी बदलू शकत नाही. घड्याळ लावू शकते.

सीताबर्डीतून ३५० रुपयांचं मोठ्या सेकंदकाट्याचं घड्याळ आणून लेबर रूममध्ये लावलं. श्वास मिनिटभर मोजायचा आणि मोजणाऱ्यानं पुढे सही करायची. केस पेपरवर शिक्का आला: 'सिकल कार्ड आहे का? नातेवाइकांना विचारलं का?' दुसरा प्रश्न माझ्या हट्टानं आला. एका स्वीपरदादाला गोंडी येते हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं, त्यांचा नंबर आता गार्डच्या टेबलाच्या काचेखाली आहे. अडलं ते 'सहकार्य करत नाही' या शब्दांवर. मी म्हटलं, हे लिहायचं नाही. बाई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहा. रेसिडेंटांनी विरोध केला, उद्या कोर्टात काही झालं तर आम्ही काय दाखवायचं. तो मुद्दा तसाच लोंबकळत राहिला.

११ एप्रिलला सुरक्षित मातृत्व दिन असतो, कस्तुरबांची जयंती म्हणून तो दिवस धरलेला. नर्सिंग कॉलेजात रांगोळ्या आणि पोस्टर. त्या वर्षी मला भाषण सांगितलं होतं, मी हे प्रकरण सांगितलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह २०१८ पासून याच तारखेला सुरू होतो, हेही सांगितलं. मागच्या रांगेतून एक ट्यूटर म्हणाल्या, तिकडच्या बायांचं आपल्याला काय करायचं. मी म्हटलं, आज जोतीराव फुल्यांचीही जयंती आहे. त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या तिथल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तिकडचं कळत होतं. आणि त्याच्या दहा वर्षं आधी विधवांची बाळंतपणं सुखरूप व्हावीत म्हणून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी घराचं दार उघडलं होतं. ट्यूटर काही बोलल्या नाहीत. पटलं की फक्त गप्प झाल्या, ते मला सांगता येणार नाही. कार्यक्रमानंतर त्याच माझ्याकडून शिक्क्याचा मजकूर लिहून घेऊन गेल्या.

तीन महिन्यांनी मी केस पेपर काढून बघितले. दिवसाचे आकडे वेगवेगळे होते: १६, २२, १९, २४. मध्यरात्रीनंतर पुन्हा १८, १८, १८, आणि पुढे सही.

ती मुलीला घेऊन सहा महिन्यांनी आली. नवऱ्याची तपासणी बाळंतपणाच्या वेळीच झाली होती, तो एएस निघाला होता, म्हणजे मुलीला एसएस असण्याची शक्यता निम्मी. त्या दिवशी मुलीचं रक्त घेतलं, रिपोर्टला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या तिनं सांगितलं की आशाताईनं तिला मोबाइलवर मिनिट लावायला शिकवलंय.

"रोज रात्री मोजतो जी हिचा. झोपली की. बेचाळीस येते."

मी म्हटलं, या वयात पन्नासच्या आत असलं की बरं. तिनं मान हलवली आणि तेवढ्यात मुलगी उठली.